मद्रासच्या वेधशाळेतून सूर्यमाला : प्रकाश, दुर्बीण आणि मापन

चेन्नई शहराच्या नुंगमबाक्कम भागात प्रादेशिक हवामान केंद्राच्या आवारात ग्रॅनाइटचा एक उंच स्तंभ आजही उभा आहे. बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचे इशारे ज्या आवारातून दिले जातात, त्याच आवारात १७९२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास वेधशाळा उभारली होती. हा स्तंभ त्या वेधशाळेतील उपकरणाचा आधार होता. जमिनीचा कंप उपकरणापर्यंत पोहोचू नये, म्हणून तो मुद्दाम भरभक्कम करण्यात आला होता.

व्यापार करावयास आलेल्या कंपनीला आकाशाचे वेध घेण्याची गरज का भासली, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर समुद्रात होते. कोरोमंडल किनारा बंदरांसाठी अनुकूल नव्हता. जहाजाचे व किनाऱ्याचे नेमके स्थान ठाऊक नसल्यास माल आणि माणसे दोन्ही बुडत. कंपनीचे अधिकारी विल्यम पेट्री यांनी १७८६ मध्ये एग्मोर येथे स्वतःची खासगी वेधशाळा सुरू केली होती. पुढे ती कंपनीने ताब्यात घेतली आणि किनाऱ्याचे सर्वेक्षण करणारे मायकेल टॉपिंग यांच्या आराखड्यानुसार नुंगमबाक्कम येथे नवी इमारत उभी राहिली. खगोलशास्त्राने येथे प्रवेश केला तो एक उपयुक्त विद्या म्हणून.

स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी प्रकाशाचा वेग, सूर्याचे अंतर, ग्रहांची संख्या असे अनेक आकडे पाठ करतात. तथापि या प्रत्येक आकड्यामागे कोणीतरी, कोठेतरी, विशिष्ट हेतूने केलेले मापन असते. ते मापन समजले म्हणजे आकडा लक्षात राहतो, आणि प्रश्न फिरवून विचारला गेला तरी उत्तर देता येते. मद्रास वेधशाळा व तिच्या वारसदार संस्थांचा दोनशेहून अधिक वर्षांचा इतिहास या दृष्टीने उपयुक्त आहे. प्रकाश, दुर्बीण आणि सूर्यमाला या तिन्ही विषयांची मूलतत्त्वे त्यातून क्रमाने उलगडत जातात.

तोफेचा आवाज आणि प्रकाशाचा वेग

वेधशाळेचे खगोलशास्त्रज्ञ जॉन गोल्डिंगहॅम यांनी १८२० व १८२१ या वर्षांत एक साधा, परंतु चिकाटीची कसोटी पाहणारा प्रयोग केला. फोर्ट सेंट जॉर्ज हा किल्ला वेधशाळेपासून सुमारे ४ किलोमीटर, तर सेंट थॉमस माउंट ही टेकडी सुमारे ९ किलोमीटर अंतरावर आहे. या दोन्ही ठिकाणी ठरलेल्या वेळी तोफा उडत. वेधशाळेतून तोफेची ज्वाला दिसल्यापासून आवाज ऐकू येईपर्यंतचा काळ मोजण्यात येई, आणि त्याबरोबरच हवेचे तापमान, आर्द्रता व वारा यांची नोंद होई. अंतराला काळाने भागले की ध्वनीचा वेग मिळतो. माउंटवरील तोफेचा आवाज पोहोचण्यास सुमारे २६ सेकंद लागतात.

या प्रयोगात एक गोष्ट गृहीत धरलेली होती, ती म्हणजे ज्वाला दिसण्यास काहीच वेळ लागत नाही. ९ किलोमीटरसाठी हे गृहीतक योग्यच आहे. प्रकाशाचा निर्वातातील वेग सेकंदाला २,९९,७९२.४५८ किलोमीटर, म्हणजे ढोबळमानाने ३ लाख किलोमीटर आहे. त्यामुळे माउंटवरून निघालेला प्रकाश एका सेकंदाच्या सुमारे तेहतीस हजाराव्या भागात वेधशाळेत पोहोचतो. हा काळ त्या वेळच्या कोणत्याही घड्याळाने मोजता आला नसता.

सूर्यमालेच्या अंतरांसाठी मात्र हे गृहीतक चालत नाही. चंद्राचा प्रकाश आपल्यापर्यंत येण्यास सुमारे १.३ सेकंद लागतात, तर सूर्याचा प्रकाश येण्यास सुमारे ८ मिनिटे २० सेकंद. सूर्यापासून गुरूपर्यंत प्रकाश सरासरी ४३ मिनिटांत पोहोचतो. नेपच्यूनपर्यंत जाण्यास त्याला ४ तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. सूर्याला सर्वांत जवळचा तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी सुमारे ४.२ प्रकाशवर्षे दूर आहे. प्रकाशवर्ष हे काळाचे नसून अंतराचे एकक आहे, याचा परीक्षार्थींना अनेकदा विसर पडतो. प्रकाश एका वर्षात जे अंतर कापतो, ते म्हणजे सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर, हे एक प्रकाशवर्ष होय. यावरून दुसरीही गोष्ट स्पष्ट होते. आकाशातील प्रत्येक वस्तू आपण भूतकाळातील पाहत असतो.

गुरूचे चंद्र आणि किनाऱ्याचे रेखांश

प्रकाशाला प्रवासास वेळ लागतो, याचा पहिला ठोस पुरावा गुरूच्या चंद्रांनी दिला. गॅलिलिओने १६१० मध्ये दुर्बिणीतून गुरूचे चार मोठे चंद्र पाहिले. त्यांपैकी आयो हा चंद्र दर ४२.५ तासांनी गुरूभोवती एक फेरी पूर्ण करतो आणि प्रत्येक फेरीत गुरूच्या सावलीत शिरतो. ओले रोमर या डॅनिश शास्त्रज्ञाच्या असे लक्षात आले की, पृथ्वी गुरूपासून दूर जात असताना ही ग्रहणे अपेक्षेपेक्षा उशिरा आणि जवळ येत असताना लवकर दिसतात. प्रकाशाला पृथ्वीच्या कक्षेची रुंदी ओलांडावी लागते, म्हणून हा विलंब होतो, असे त्याने १६७६ मध्ये मांडले. आधुनिक मापनानुसार हा विलंब जास्तीत जास्त १६ मिनिटे ३८ सेकंदांचा असतो.

याच चंद्रांच्या ग्रहणांचा उपयोग मद्रासचे रेखांश ठरविण्यासाठी करण्यात आला. त्यामागील तत्त्व सोपे आहे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश, अर्थात ४ मिनिटांत १ अंश. आयो सावलीत शिरण्याची घटना पृथ्वीवर सर्वत्र एकाच क्षणी दिसते. मात्र त्या क्षणी प्रत्येक ठिकाणची स्थानिक वेळ वेगळी असते. समजा, ग्रिनिचच्या वेळेनुसार ही घटना सायंकाळी ६ वाजता घडली आणि मद्रासच्या स्थानिक वेळेनुसार ती रात्री ११ वाजून २१ मिनिटांनी नोंदली गेली, तर दोन्ही वेळांतील फरक ५ तास २१ मिनिटे येतो. त्याला तासाला १५ अंश या प्रमाणाने गुणल्यास ८०.२५ अंश, म्हणजे ८० अंश १५ मिनिटे पूर्व हे रेखांश मिळते. चेन्नईचे रेखांश साधारण इतकेच आहे.

या गणितात प्रकाशाच्या प्रवासाचा काळ विसरल्यास काय होईल, हे पाहण्यासारखे आहे. १६ मिनिटांची चूक म्हणजे रेखांशात ४ अंशांची चूक, आणि चेन्नईच्या अक्षांशावर ४ अंश म्हणजे सुमारे ४३० किलोमीटर. प्रकाशाचा वेग ही केवळ तात्त्विक जिज्ञासेची बाब नव्हती. नकाशावर किनारा कोठे काढायचा, हे त्यावर अवलंबून होते.

नुंगमबाक्कमचे हे रेखांश पुढे मोठ्या कामाचा पाया ठरले. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये सेंट थॉमस माउंटजवळ आधाररेषा मोजून ज्या सर्वेक्षणाला प्रारंभ केला, तेच पुढे भारताचे महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण म्हणून ओळखले गेले. त्यातील रेखांशांचा संदर्भ मद्रास वेधशाळेशी जोडलेला होता. वेधशाळेतील दुर्बीण उत्तर-दक्षिण दिशेत स्थिर ठेवून तारे मध्यमंडल ओलांडतात तो क्षण टिपला जाई आणि त्यावरून घड्याळे लावली जात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देशातील रेल्वेचे वेळापत्रकही ‘मद्रास वेळे’नुसार चालू लागले. १ जानेवारी १९०६ पासून ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखांशावर आधारित भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. या दोन रेखांशांतील २ अंश १५ मिनिटांचा फरक ४ मिनिटांनी गुणल्यास ९ मिनिटे येतात. मद्रास वेळ प्रमाणवेळेपेक्षा तितकीच मागे होती.

दुर्बीण नेमके काय करते?

दुर्बीण दूरची वस्तू मोठी करून दाखविते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. दुर्बिणीचे पहिले कार्य प्रकाश गोळा करणे हे होय. अंधारात माणसाच्या डोळ्याची बाहुली जास्तीत जास्त ७ मिलिमीटरपर्यंत विस्फारते. गोळा होणारा प्रकाश व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे ७० मिलिमीटर व्यासाची लहान दुर्बीणही डोळ्यापेक्षा १०० पट प्रकाश गोळा करते. दुसरे कार्य म्हणजे विभेदन, अर्थात अगदी जवळजवळ दिसणारे दोन बिंदू वेगळे दाखविणे. ही क्षमताही व्यासाबरोबर वाढते. आकारवर्धन हे तिसरे आणि तुलनेने गौण कार्य आहे. पुरेसा प्रकाश व पुरेसे विभेदन नसेल, तर आकार वाढविल्याने प्रतिमा केवळ फिकी व पुसट होते.

दुर्बिणींचे दोन मुख्य प्रकार आहेत. वक्रीभवनी दुर्बिणीत प्रकाश बहिर्गोल भिंगातून जाऊन एकवटतो. गॅलिलिओची दुर्बीण या प्रकारची होती. भिंगातून जाताना निरनिराळे रंग थोड्या वेगवेगळ्या अंतरांवर एकवटत असल्याने प्रतिमेला रंगीत कडा येतात. शिवाय मोठे भिंग केवळ कडेने धरता येत असल्यामुळे ते स्वतःच्या वजनाने वाकते. परावर्तनी दुर्बिणीत हे काम अंतर्गोल आरसा करतो. न्यूटनने १६६८ मध्ये असा पहिला यशस्वी नमुना तयार केला. आरशात रंगदोष नसतो आणि त्याला मागून संपूर्ण आधार देता येतो. आजच्या सर्व मोठ्या दुर्बिणी म्हणूनच परावर्तनी आहेत.

ताऱ्यांची तेजस्विता सांगण्यासाठी ‘प्रत’ ही संज्ञा वापरली जाते. प्राचीन ग्रीक परंपरेत सर्वांत ठळक तारे पहिल्या प्रतीचे आणि जेमतेम दिसणारे सहाव्या प्रतीचे मानले जात. या परंपरेला गणिती रूप देणारे नॉर्मन पॉगसन हे पुढे तीस वर्षे मद्रास वेधशाळेचे प्रमुख होते. ऑक्सफर्ड येथे असताना १८५६ मध्ये त्यांनी सुचविले की, ५ प्रतींचा फरक म्हणजे तेजस्वितेत नेमका १०० पट फरक मानावा. त्यानुसार एका प्रतीचा फरक सुमारे २.५१२ पट होतो. ही मोजपट्टी आजही जगभर वापरात आहे. प्रतीचा अंक जितका मोठा, तितका तारा फिका, हे येथे ध्यानात ठेवावे. ७० मिलिमीटरची दुर्बीण १०० पट प्रकाश गोळा करते, म्हणजे तिच्यातून तत्त्वतः अकराव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसू शकतात, हेही या नियमावरून लगेच सांगता येते.

स्थिर तारे, सरकणारे ठिपके

पॉगसन मद्रासला येण्यापूर्वी थॉमस ग्लॅनव्हिल टेलर यांनी वेधशाळेत ११,०१५ ताऱ्यांची स्थाने मोजून त्यांची सूची १८४४ मध्ये प्रसिद्ध केली होती. हे काम वरकरणी नीरस वाटते. परंतु ताऱ्यांची स्थाने अचूक ठाऊक असतील, तरच त्यांच्यातून हळूहळू सरकणारी नवी वस्तू ओळखता येते. ग्रह आणि लघुग्रह यांचा शोध या तुलनेवरच आधारलेला असतो.

पॉगसन यांनी १७ एप्रिल १८६१ रोजी मद्रासहून असाच एक सरकणारा ठिपका शोधून काढला. आशिया खंडातून शोधलेला तो पहिला लघुग्रह असल्याने त्याचे नाव ‘एशिया’ ठेवण्यात आले आणि सूचीत त्याला ६७ वा क्रमांक मिळाला. त्यानंतर त्यांनी येथूनच सॅफो (१८६४), सिल्व्हिया (१८६६), कॅमिला (१८६८) आणि व्हेरा (१८८५) हे लघुग्रह शोधले. सिल्व्हियाभोवती दोन छोटे उपग्रह फिरत असल्याचे २००५ मध्ये निश्चित झाले. दोन उपग्रह असलेला तो पहिलाच ज्ञात लघुग्रह ठरला. यानंतर भारतातून लघुग्रह शोधला जाण्यास शंभराहून अधिक वर्षे जावी लागली. १९८८ मध्ये तमिळनाडूतील कावलूर येथून आर. राजमोहन यांनी शोधलेल्या लघुग्रहास ‘रामानुजन’ हे नाव देण्यात आले. ज्या थोर गणितज्ञाचे हे नाव आहे, त्याने १९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनाची नोकरी पत्करली होती.

सूर्यमालेची रचना येथे थोडक्यात पाहू. सूर्यमालेच्या एकूण वस्तुमानापैकी ९९.८ टक्क्यांहून अधिक वस्तुमान एकट्या सूर्यात आहे. बुध, शुक्र, पृथ्वी व मंगळ हे आतील ग्रह खडकाळ आहेत. गुरू व शनी प्रामुख्याने हायड्रोजन आणि हेलियम यांचे बनलेले आहेत, तर युरेनस व नेपच्यून यांच्यात पाणी, अमोनिया व मिथेन यांचे प्रमाण मोठे आहे. बहुसंख्य लघुग्रह मंगळ व गुरू यांच्या कक्षांदरम्यानच्या पट्ट्यात आढळतात. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने २००६ मध्ये ग्रहाची व्याख्या निश्चित केली. ग्रह सूर्याभोवती फिरत असावा, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणामुळे त्याला गोलाकार प्राप्त झालेला असावा आणि त्याने आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला असावा. तिसरी अट पूर्ण न झाल्याने प्लूटोची गणना बटुग्रहांत झाली आणि ग्रहांची संख्या आठ राहिली. लघुग्रह म्हणून १८०१ मध्ये प्रथम सापडलेला सीरिस हाही आता बटुग्रह मानला जातो.

रघुनाथाचारी आणि शुक्राचे अधिक्रमण

वेधशाळेचा इतिहास केवळ तिच्या युरोपीय प्रमुखांचा नाही. पॉगसन यांचे पहिले साहाय्यक चिंतामणी रघुनाथाचारी हे निष्णात निरीक्षक होते. दक्षिण आकाशातील रेटिक्युलम या लहान तारकासमूहातील एक तारा आपली तेजस्विता बदलतो, हे त्यांनी १८६७ मध्ये शोधून काढले. अशा ताऱ्यांना रूपविकारी तारे म्हणतात. हा तारा खगोलीय विषुववृत्ताच्या सुमारे ६३ अंश दक्षिणेस असल्याने युरोपातून तो दिसतच नाही. १३ अंश उत्तर अक्षांशावरील मद्रासहून मात्र तो क्षितिजाच्या वर येतो. विषुववृत्ताजवळच्या वेधशाळेस आकाशाच्या दोन्ही गोलार्धांचा मोठा भाग उपलब्ध होतो, हा भौगोलिक लाभ या उदाहरणातून ध्यानात येईल. रघुनाथाचारींना १८७२ मध्ये लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले.

९ डिसेंबर १८७४ रोजी शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना दिसणार होता. पृथ्वी आणि सूर्य यांच्या दरम्यान शुक्र नेमका एका रेषेत आल्यास हे अधिक्रमण घडते. रघुनाथाचारींनी या घटनेवर पुस्तिका लिहिली आणि ती इंग्रजीसह भारतीय भाषांत उपलब्ध करून दिली. आकाशातील घटनांचा शुभाशुभाशी संबंध जोडणाऱ्या समाजाला त्यांमागील भूमिती स्वभाषेत समजावून सांगण्याचा हा प्रयत्न होता. आपले जुने सिद्धांतग्रंथ व पंचांगे यांना नव्या वेधांची जोड मिळावी, असा त्यांचा आग्रह होता.

जगभरातील शास्त्रज्ञ या घटनेकडे डोळे लावून बसले होते, ते सूर्याच्या अंतरासाठी. केप्लरच्या तिसऱ्या नियमानुसार ग्रहाच्या प्रदक्षिणाकाळाचा वर्ग हा सूर्यापासूनच्या त्याच्या सरासरी अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो. गुरूला एका प्रदक्षिणेस ११.८६ वर्षे लागतात. त्याचा वर्ग सुमारे १४०.७ येतो आणि १४०.७ चे घनमूळ ५.२ आहे. म्हणजे गुरू पृथ्वीच्या ५.२ पट दूर आहे. अशा रीतीने सर्व ग्रहांच्या अंतरांची गुणोत्तरे मिळतात, परंतु किलोमीटरमधील एकही अंतर मिळत नाही. नकाशा आहे, पण त्यावर मोजपट्टी नाही, अशी ही स्थिती होती. अधिक्रमणाच्या वेळी पृथ्वीवरील दोन दूरच्या ठिकाणांहून पाहिल्यास शुक्र सूर्यबिंबावर किंचित वेगळ्या ठिकाणी दिसतो. निरीक्षकाची जागा बदलल्याने वस्तूच्या दिशेत होणाऱ्या या बदलास पराशय म्हणतात. त्याच्या मापनावरून शुक्राचे आणि त्यावरून सूर्याचे अंतर काढता येते. आज हे अंतर रडार व अंतराळयानांच्या साहाय्याने कितीतरी अधिक अचूकपणे ज्ञात आहे. एक खगोलीय एकक म्हणजे १४ कोटी ९५ लाख ९७ हजार ८७०.७ किलोमीटर, अशी व्याख्या २०१२ मध्ये करण्यात आली. त्याच वर्षी जूनमध्ये शुक्राचे शेवटचे अधिक्रमण झाले. यापुढील अधिक्रमण २११७ मध्ये होईल.

वर्णपट : प्रकाशातील रेषांचा अर्थ

दुर्बिणीने वस्तूची जागा कळते. ती कशाची बनली आहे, हे मात्र वर्णपटावरून कळते. लोलकातून गेलेला प्रकाश तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत पसरतो. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. तप्त विरल वायू काही ठरावीक तरंगलांबींचाच प्रकाश देतो आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषांचा संच वेगळा असतो.

१८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. पॉगसन मछलीपट्टणम येथे, तर फ्रेंच शास्त्रज्ञ ज्यूल जान्सन गुंटूर येथे वर्णपटदर्शक घेऊन सज्ज होते. सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या वर्णपटात एक ठळक पिवळी रेषा आढळली. सोडियमच्या रेषा ५८९.० व ५८९.६ नॅनोमीटरवर असतात. नवी रेषा त्यांच्या अगदी शेजारी, सुमारे ५८७.६ नॅनोमीटरवर होती. नॉर्मन लॉकयर यांनी २० ऑक्टोबर १८६८ रोजी इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, सूर्यज्वालांचे वेध घेतले. पुढे ही रेषा पृथ्वीवर अज्ञात असलेल्या मूलद्रव्याची असल्याच्या निष्कर्षाप्रत ते आले. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्या मूलद्रव्यास हेलियम म्हणण्यात आले. विल्यम रॅम्से यांना १८९५ मध्ये ते पृथ्वीवर सापडले.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी येथे एक खुलासा आवश्यक आहे. हेलियमचा शोध लॉकयर यांनी विजयदुर्ग किल्ल्यावरून लावला, असा उल्लेख अनेकदा आढळतो. लॉकयर विजयदुर्गला आले होते हे खरे, पण ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. हेलियमच्या रेषेचा वेध त्यापूर्वी तीस वर्षे घेतला गेला होता. १८९८ च्याच ग्रहणाचे वेध पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी जेऊर येथून घेतले. भावनगर संस्थानच्या साहाय्याने पुण्यात उभारलेल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे ते संचालक होते.

दुष्काळ, सूर्यावरील डाग आणि कोडईकनाल

१८७६ ते १८७८ या काळात मद्रास व मुंबई इलाख्यांत भीषण दुष्काळ पडला आणि लक्षावधी माणसे मृत्युमुखी पडली. सूर्यावरील डागांची संख्या सुमारे ११ वर्षांच्या चक्राने कमी-अधिक होते, हे त्यापूर्वी ज्ञात झाले होते. या चक्राचा पावसाशी संबंध असेल, तर दुष्काळाची पूर्वसूचना मिळू शकेल, अशी आशा निर्माण झाली. दुष्काळ आयोगाने सूर्याच्या नियमित निरीक्षणांची शिफारस केली. मद्रासची दमट हवा व समुद्रसपाटीलगतची जागा त्यास अनुकूल नव्हती. त्यामुळे पळनी डोंगरांत सुमारे २,३४० मीटर उंचीवर कोडईकनाल येथे सौर वेधशाळा उभारण्यात आली. १८९९ मध्ये खगोलीय काम मद्रासहून तेथे हलविण्यात आले. नुंगमबाक्कम येथे हवामानाच्या नोंदी सुरू राहिल्या.

सूर्यडागांवरून मान्सूनचे भरवशाचे भाकीत करता येईल, ही आशा फलद्रूप झाली नाही. मात्र त्या निमित्ताने सुरू झालेल्या नोंदी अमोल ठरल्या. जॉन एव्हरशेड यांनी १९०९ मध्ये कोडईकनाल येथे सूर्यडागाच्या वर्णपटातील रेषा किंचित सरकलेल्या आढळल्याचे नोंदविले. प्रकाशाचा स्रोत आपल्याकडे येत असेल, तर रेषा निळ्या बाजूकडे आणि दूर जात असेल, तर तांबड्या बाजूकडे सरकतात. हाच डॉप्लर परिणाम होय. त्यावरून डागातील वायू मध्यापासून बाहेरच्या दिशेने वाहतो, हे सिद्ध झाले. या आविष्कारास एव्हरशेड परिणाम म्हणतात. पुण्याची वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाल्यावर तेथील २० इंची परावर्तनी दुर्बीणही कोडईकनालला गेली. तेथे शंभराहून अधिक वर्षे टिपल्या गेलेल्या सूर्याच्या प्रतिमांचे आता संगणकीय जतन करण्यात आले असून सौरचक्राच्या अभ्यासासाठी त्यांचा जगभर उपयोग होतो.

कावलूर ते आदित्य

ताऱ्यांच्या अभ्यासासाठी अधिक निरभ्र व अंधारे आकाश हवे होते. वेणू बाप्पू यांनी त्यासाठी जवादी टेकड्यांतील कावलूर ही जागा निवडली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तेथे लहान दुर्बिणीने काम सुरू झाले आणि १९७२ मध्ये १ मीटर व्यासाची दुर्बीण आली. १० मार्च १९७७ रोजी युरेनस एका ताऱ्यासमोरून गेला. त्या वेळी मुख्य पिधानाच्या आधी व नंतर ताऱ्याचा प्रकाश काही क्षण मंदावल्याचे जगातील अन्य निरीक्षकांप्रमाणे कावलूर येथेही नोंदले गेले. युरेनसभोवती कडी असल्याचा हा पुरावा होता. ६ जानेवारी १९८६ रोजी येथे २.३४ मीटर व्यासाच्या दुर्बिणीचे उद्घाटन झाले. तिचा आरसा घासून तयार करण्याचे काम भारतातच झाले. डोळ्याच्या ७ मिलिमीटर बाहुलीशी तुलना केल्यास ही दुर्बीण सुमारे १ लाख ११ हजार पट प्रकाश गोळा करते. बाप्पू यांचे १९८२ मध्येच निधन झाले होते. वेधशाळा आणि दुर्बीण या दोहोंना त्यांचे नाव देण्यात आले.

कोडईकनाल व कावलूर येथील वेधशाळा आज बंगळुरूस्थित भारतीय खगोल भौतिकी संस्थेच्या अंतर्गत कार्यरत आहेत. याच संस्थेची लडाखमधील हानले येथील २ मीटरची दुर्बीण सुमारे ४,५०० मीटर उंचीवर आहे. वातावरणाचा जितका मोठा भाग खाली राहील, तितकी प्रतिमा स्वच्छ मिळते. वातावरण प्रामुख्याने दृश्य प्रकाश आणि रेडिओ लहरी यांनाच जमिनीपर्यंत येऊ देते. रेडिओ लहरींच्या अभ्यासासाठी पुणे जिल्ह्यातील खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० ॲन्टेनांची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण कार्यरत आहे. क्ष-किरण व बहुतांश अतिनील किरण टिपण्यासाठी वातावरणाबाहेरच जावे लागते. २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडण्यात आलेले आदित्य-एल१ हे यान ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर अंतरावरील एल१ बिंदूभोवतीच्या कक्षेत स्थिरावले. या स्थानावरून ग्रहणाचा अडथळा न येता सूर्याकडे अखंड पाहता येते. त्यावरील किरीट अर्थात करोना टिपणारे प्रमुख उपकरण भारतीय खगोल भौतिकी संस्थेने तयार केले आहे. १८६८ मध्ये मछलीपट्टणमच्या किनाऱ्यावर ग्रहणाच्या काही मिनिटांत जे पाहावे लागले, त्याचे निरीक्षण आता अहोरात्र करता येते.

समारोप

किनाऱ्याचे रेखांश, रेल्वेची वेळ आणि पावसाचे भाकीत या तीन व्यावहारिक गरजांनी मद्रासच्या वेधशाळेला आकार दिला. पहिल्या दोन गरजा भागल्या. तिसरी, निदान अपेक्षित मार्गाने, भागली नाही. आज त्याच आवारातील हवामान केंद्र वेगळ्या साधनांनी तो प्रश्न हाताळत आहे. परंतु तिन्ही प्रयत्नांतून मिळालेल्या नोंदी टिकून राहिल्या आणि पुढील पिढ्यांच्या उपयोगी पडल्या. ज्या मापनाचा तात्काळ उपयोग झाला नाही, तेही प्रामाणिकपणे नोंदवून ठेवले असल्यास व्यर्थ जात नाही.

विद्यार्थ्यांनी या विषयाचा अभ्यास करताना प्रत्येक आकड्यासमोर एक प्रश्न लिहून ठेवावा : हे कसे मोजले? प्रकाशाच्या वेगासमोर गुरूचा चंद्र, सूर्याच्या अंतरासमोर शुक्राचे अधिक्रमण, हेलियमसमोर पिवळी रेषा आणि प्रमाणवेळेसमोर ४ मिनिटांचा अंश आठवला, म्हणजे पाठांतराचे ओझे बरेच हलके होईल. ज्यांना शक्य असेल, त्यांनी एखाद्या निरभ्र रात्री साध्या द्विनेत्री दुर्बिणीतून गुरूकडे अवश्य पाहावे. हात स्थिर असल्यास त्याच्या शेजारी एका रेषेत दोन-चार ठिपके दिसतात. कोरोमंडल किनाऱ्याचे स्थान ज्यांच्यावरून ठरविले गेले, ते हेच चंद्र होत.